जुनी ध्वनिचिप आणि नवा सूक्ष्मनियंत्रक

दिल्लीच्या उत्तर भागात एक खडकाळ डोंगरधार आहे. तिच्या माथ्यावरील एका ठिकाणास हिंदूराव असे नाव आहे, आणि मराठी वाचकाला ते परके वाटण्याचे कारण नाही. बायजाबाई शिंदे यांचे बंधू हिंदूराव घाटगे यांनी येथील विल्यम फ्रेझरचा बंगला, १८३५ साली फ्रेझरचा खून झाल्यानंतर, विकत घेतला. त्यावरून हे नाव पडले. आज तेथे महापालिकेचे मोठे रुग्णालय आहे. जवळच सम्राट अशोकाचा एक स्तंभ उभा आहे. फिरोजशहा तुघलकाने तो चौदाव्या शतकात मीरतहून येथे आणविला. अठराव्या शतकाच्या आरंभी दारूच्या स्फोटात त्याचे पाच तुकडे झाले आणि १८६७ साली ते सांधून स्तंभ नव्या चौथऱ्यावर पुन्हा उभा करण्यात आला. सांधे आजही डोळ्यांना दिसतात. जुनी शिळा बदलणे कोणाच्या हाती नव्हते. चौथरा मात्र तिच्या मापाने घडविता येत होता.

प्रस्तुत प्रकरणातील जुनी वस्तू नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्याची आहे; तरी तिच्या बाबतीतली अडचण याच जातीची आहे. चाळीसहून अधिक वर्षांपूर्वी तयार झालेली ध्वनिचिप आज कोणी हाती घेतली, तर तिच्या आतील रचनेत तसूभरही फेरफार करता येत नाही. तिला बोलते करावयाचे असेल, तर आजच्या सूक्ष्मनियंत्रकालाच, म्हणजे बाजारात ज्याला मायक्रोकंट्रोलर म्हणतात त्यालाच, तिच्या चालीने चालावयास शिकविले पाहिजे.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीने एसएन ७६४८९ या क्रमांकाची एक चिप तयार केली. ती घरगुती संगणकांत व दूरचित्रवाणीच्या पडद्यावर खेळावयाच्या खेळांत आवाज निर्माण करण्यासाठी होती. डिसेंबर १९८१ मध्ये ब्रिटनमध्ये विक्रीस आलेल्या ‘बीबीसी मायक्रो’ या शैक्षणिक संगणकात हीच चिप बसविलेली होती. याच संगणकाच्या रूपाने ती भारतीय शाळांत आली. १९८४-८५ साली केंद्र सरकारने ‘क्लास’ या नावाने ओळखली जाणारी संगणक-साक्षरतेची योजना सुमारे २५० माध्यमिक शाळांत प्रायोगिक स्वरूपात सुरू केली. दिल्लीतील राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद या कामात सहभागी होती आणि योजनेसाठी निवडलेले यंत्र बीबीसी मायक्रो हे होते. मोहाली येथील सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्स या सरकारी कंपनीने याच यंत्राची भारतीय आवृत्ती ‘युनिकॉर्न’ या नावाने काढली. त्या पिढीतील अनेक विद्यार्थ्यांनी संगणकाचा आवाज प्रथम ऐकला तो या चिपेतून. कळ दाबताच आधी एक खालचा, घोगरा सूर उमटे आणि लगोलग एक आखूड ‘पीप’ ऐकू येई. त्यांपैकी पहिला सूर कोणी मुद्दाम योजलेला नव्हता. वीज मिळताच चिपेच्या आत जे काही आकडे योगायोगाने पडलेले असत, तेच ती वाजवू लागे. संगणकाची मुख्य आज्ञावली जागी होऊन तिला गप्प करी तोवर तो सूर चाले.

ही यंत्रे आता शाळांतून गेली आहेत. जुन्या विद्युत् यंत्रांची मोडतोड करणाऱ्या बाजारांत, उदाहरणार्थ दिल्लीच्या सीलमपूर भागात, संगणकांचे फलक तापवून त्यांवरील चिपा उपटल्या जातात आणि तांब्यासाठी बाकीचे जाळले वा आम्लात बुडविले जाते. ज्या चिपा शाबूत निघतात, त्यांतील काही पुन्हा विक्रीस येतात. मूळ कंपनीने या चिपेचे उत्पादन केव्हाच थांबविले असल्यामुळे जगातला साठा कमीच होत जाणार, हे उघड आहे. म्हणून चालू स्थितीतल्या जुन्या संगणकातून ती काढून घेणे या लेखनास मान्य नाही. मेलेल्या फलकावरून मात्र ती अवश्य सोडवावी.

हिंदूरावपासून तीन-चार किलोमीटरांवर, लाल किल्ल्यासमोर, लजपतराय मार्केट आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीला जे स्थान आहे, ते दिल्लीत या बाजाराचे. असल्या बाजारांत जुनी चिप घेताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली अशी की, दुसऱ्याच एखाद्या चिपेची पाठ घासून तीवर नवा क्रमांक छापण्याची लबाडी जगभर चालते. दुसरी गोष्ट सावधगिरीची: ७६४९४ ही चिप दिसावयास हुबेहूब अशीच असते, परंतु तिला आठपट संथ घड्याळ लागते. क्रमांकातील शेवटचा आकडा म्हणूनच चष्मा लावून वाचावा.

आता चिपेच्या आत काय आहे ते पाहू. तिच्यात एकही सूर साठविलेला नाही. तिला बाहेरून एक अतिशय द्रुत, नियमित स्पंद पुरवावा लागतो. यालाच घड्याळ म्हणतात. बीबीसी मायक्रोत तो सेकंदाला ४० लक्ष वेळा, म्हणजे ४ मेगाहर्ट्झ इतका होता. चिप या स्पंदांचा फक्त भागाकार करते. आधी ती त्यांना ३२ ने भागते आणि मग आपण दिलेल्या एका पूर्णांकाने भागते. जो भागाकार येईल तितकी कंपने दर सेकंदाला बाहेर पडतात. ४० लक्ष भागिले ३२ म्हणजे १,२५,०००. तेव्हा सूत्र इतके सोपे आहे की ते पाठ करावे: १,२५,००० ला भाजकाने भागले की कंप्रता मिळते. भाजक १ पासून १०२३ पर्यंत कोणताही असू शकतो. असे तीन स्वतंत्र स्वर आणि चौथा एक खरखराटाचा, वाऱ्यासारखा किंवा झांजेसारखा, ध्वनी ती एकाच वेळी काढते. प्रत्येकाचा आवाज सोळा पायऱ्यांनी कमी-जास्त करता येतो. प्रत्येक पायरी दोन डेसिबेलची, आणि शेवटची पायरी म्हणजे पूर्ण शांतता.

जोडणीकडे वळण्यापूर्वी नव्या बाजूचाही परिचय हवा. इटलीतील इव्रेआ या गावी २००५ साली सुरू झालेल्या ‘आर्डुइनो’ या उपक्रमाचा ‘ऊनो’ नावाचा बोर्ड (२०१०) या कामास विशेष सोयीचा आहे. एक तर तो ५ व्होल्टवर चालतो आणि जुन्या चिपेलाही ५ व्होल्टच लागतात. दुसरे, त्याचे स्वतःचे घड्याळ १६ मेगाहर्ट्झचे आहे. १६ ला ४ ने भागले की ४. बोर्डातील एका कालमापकाला ही भागणी सोपविली की ९ क्रमांकाच्या पिनेवर नेमका ४ मेगाहर्ट्झचा स्पंद मिळतो आणि निराळा स्फटिक विकत घ्यावा लागत नाही.

चिपेच्या दोन्ही बाजूंना आठ-आठ अशा सोळा पिना असतात. एका टोकाला खाच असते. खाच वर धरली असता डावीकडची सर्वांत वरची पिन पहिली, आणि तेथून डावीकडे खाली उतरत, मग उजवीकडे वर चढत क्रमांक मोजावयाचे. १६ व्या पिनेला ५ व्होल्ट, ८ व्या पिनेला ग्राउंड. या दोन जोडण्यांत उलटापालट झाली, तर चिप कायमची जाते. यावर उपाय नाही. म्हणून वीज देण्यापूर्वी मीटरने एकवार तपासावे. वीजपुरवठ्याच्या या दोन पिनांमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर, दुकानदार ज्याला कंडेन्सर म्हणतो तो, शक्य तितका जवळ लावावा. १४ वी पिन घड्याळाची. ६ वी पिन चिपेला ‘तुझ्याशीच बोलणे आहे’ असे सांगणारी. एकच चिप असेल तर ती कायमची ग्राउंडला जोडली तरी चालते. ५ वी पिन लेखनाची. ७ व्या पिनेतून आवाज बाहेर येतो. उरलेल्यांपैकी आठ पिना आज्ञेच्या आहेत, आणि नवशिक्याची सर्वांत मोठी फसगत होते ती येथे.

आज्ञा म्हणजे शून्य व एक यांनी बनलेला आठ अंकांचा द्विमान आकडा. त्यातल्या सर्वांत हलक्या स्थानाला आज सगळे जग शून्य क्रमांक देते आणि भारी स्थानाला सात. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या पत्रकात मात्र हा क्रम उलटा होता: त्यांच्या लेखी शून्य क्रमांकाची तार सर्वांत भारी. उर्दू पुस्तक डावीकडून उघडावे तसा हा प्रकार होतो. पत्रकातील नावे पाहून ‘शून्याला शून्य, एकाला एक’ असे जोडत गेलेला मनुष्य प्रत्येक आज्ञा उलटी पोहोचवितो. चिप बिघडत नाही, पण भलतेच बडबडते किंवा मुकीच राहते. यासाठी नावांचा नाद सोडून पिनांचेच क्रमांक धरावे. भाऱ्यापासून हलक्यापर्यंत ते असे येतात: ३, २, १, १५, १३, १२, ११ आणि १०.

यापुढचा प्रश्न वेळेचा. आठ तारांवर आज्ञा मांडून ५ व्या पिनेचा दाब शून्यावर आणला की चिप ती वाचू लागते; पण वाचावयास तिला घड्याळाचे सुमारे ३२ स्पंद, म्हणजे एका सेकंदाचा लक्षांश गुणिले आठ दशांश, अर्थात ८ मायक्रोसेकंद लागतात. माणसाच्या दृष्टीने हा काळ नगण्य होय. ऊनो बोर्ड मात्र तेवढ्यात आपल्या घड्याळाचे १२८ ठोके मोजून मोकळा होतो. त्याला स्वतःच्या वेगाने जाऊ दिले, तर पहिली आज्ञा वाचून होण्याच्या आत दुसरी येऊन आदळते आणि दोन्ही फुकट जातात. बीबीसी मायक्रोतही हीच पंचाईत होती. तेथे मुख्य प्रक्रियक चिपेशी थेट बोलतच नसे. मध्ये ६५२२ नावाची एक मध्यस्थ चिप आज्ञा हातात धरून उभी राही. आज ती मध्यस्थाची भूमिका बोर्डालाच करावी लागते: आज्ञा मांडावी, लेखनाची पिन खाली न्यावी, दहा मायक्रोसेकंद थांबावे, पिन वर आणावी.

चिपेलाही ‘वाचून झाले’ असे सांगण्यासाठी एक पिन दिलेली आहे, ती ४ थी. ती स्वतः कधीच वर जात नाही, केवळ खाली ओढू शकते. म्हणून तिला एका रेझिस्टरमधून वरच्या दाबाशी बांधावे लागते. ऊनोवर तिला मोकळी सोडून नुसते थांबले तरी काम भागते. परंतु अलीकडचे बरेच बोर्ड, उदाहरणार्थ २०२१ साली आलेला ‘रास्पबेरी पाय पिको’, ३.३ व्होल्टवर चालतात. त्यांनी पाठविलेली आज्ञा जुनी चिप समजून घेते, कारण २ व्होल्टच्या वरचा दाब ती ‘एक’ मानते. उलट दिशेने मात्र धोका आहे. ४ थी पिन ५ व्होल्टला बांधून अशा बोर्डाला जोडली, तर बोर्डच दुखावतो. ती ३.३ व्होल्टलाच बांधावी.

७ व्या पिनेवरचा ध्वनी दुबळा असतो. तो दहा मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून नेऊन एलएम ३८६ या छोट्या विवर्धकाला द्यावा आणि तेथून कर्ण्याला. बीबीसी मायक्रोच्या कर्ण्यामागेही हाच विवर्धक होता आणि सुदैवाने तो अजून कोणत्याही दुकानात मिळतो.

सर्व तारा जुळल्या की पहिली आज्ञा गप्प बसण्याची. १५९, १९१, २२३ आणि २५५ हे चार आकडे पाठविले की चारही आवाज बंद होतात. तत्पूर्वीचा तो घोगरा सूर मात्र उपयोगाचा आहे. लेखनाची पिन ५ व्होल्टला धरून ठेवावी, केवळ वीज आणि घड्याळ द्यावे आणि ऐकावे. सूर उमटला, तर सौदा खरा आहे असे बहुधा समजावे.

आता चिपेकडून स्वर काढावयाचा, तर भाजक कोणता द्यावा? पाश्चात्य पुस्तकांत याची कोष्टके असतात आणि ती पियानोच्या स्वरांसाठी केलेली असतात. ती उतरवून घेण्याची घाई करू नये. पियानोचे व आपल्याकडील पेटीचे बारा स्वर सप्तकाचे बारा सारखे भाग पाडून ठरविलेले आहेत. त्यात षड्ज सोडला तर एकही स्वर आपल्या शुद्ध प्रमाणात नसतो. पेटीवरचा हा आक्षेप जुना आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी श्रुतींची गणिते मांडली आणि साताऱ्याचे न्यायाधीश क्लेमंट्स यांच्या साहाय्याने श्रुतिहार्मोनियमचा प्रयोग झाला, तो विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या आसपास. पुढे १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदीच घातली. १९७० नंतर ती हळूहळू सैल झाली.

ज्या अडचणीसाठी देवलांना निराळ्या पट्ट्यांचे वाद्य करवून घ्यावे लागले, ती या चिपेपुढे जवळजवळ उरतच नाही. शुद्ध स्वर म्हणजे लहान पूर्णांकांची गुणोत्तरे आणि चिपेला पूर्णांकाने भागण्याखेरीज दुसरे काही येत नाही. षड्जासाठी ५४० हा भाजक घ्यावा. कंप्रता २३१.५ येते, पेटीच्या काळी पाचच्या किंचित खाली, बऱ्याच गायिकांना ओळखीच्या उंचीवर. आता पंचम षड्जाच्या दीडपट, म्हणून भाजक दोन तृतीयांश: ३६०. गांधार सव्वापट, म्हणून ४३२. याच रीतीने ऋषभ ४८०, मध्यम ४०५, धैवत ३२४, निषाद २८८ आणि तार षड्ज २७०. एकाही ठिकाणी अपूर्णांक येत नाही. कोमल गांधार ४५० आणि कोमल निषाद ३०० हेही बिनचूक बसतात. कोमल ऋषभ व कोमल धैवत मात्र अपूर्णांकात जातात आणि तेथे जवळच्या पूर्णांकावर समाधान मानावे लागते. पेटीच्या हिशेबाने याच षड्जावरचा गांधार २९१.६ कंपनांचा झाला असता. चिपेचा गांधार २८९.४ चा आहे. दर सेकंदाला दोनांहून अधिक कंपनांचा हा फरक तयार कान सहज ओळखतो. शिवाय दोन्ही स्वर एकाच घड्याळातून निघत असल्यामुळे त्यांचे प्रमाण दिवसभर वाजविले तरी ढळत नाही.

५४० पाठवावयाचे कसे, तेही सांगितले पाहिजे, कारण आठ अंकांच्या एका आज्ञेत एवढी मोठी संख्या मावत नाही. तिचे दोन भाग करतात. ५४० ला १६ ने भागले असता भागाकार ३३ आणि बाकी १२. पहिल्या आवाजासाठी बाकीत १२८ मिळवावे, म्हणजे १४०. मग नुसते ३३. आणि आवाज पूर्ण उघडण्यासाठी १४४. हे तीन आकडे गेले की षड्ज लागतो. पंचमासाठी ३६० चे २२ आणि ८ होतात, तेव्हा १३६ आणि २२.

या स्वराची जात कोणती? त्याची लहर चौकोनी असते आणि चौकोनी लहरीत मूळ स्वराच्या तिप्पट, पाचपट, सातपट असे विषम उपस्वरच असतात. म्हणून तो पोकळ वाटतो. जवळचे वाद्य सांगावयाचे तर क्लॅरिनेटचे खालचे स्वर. मींड घ्यावयाची तर भाजक एकेक आकड्याने हलवावा लागतो. मध्य षड्जापाशी ही पायरी सप्तकाच्या बाराशे भागांपैकी तीनएक भागांची असल्याने कानाला फारशी लागत नाही. दोन सप्तके वर गेल्यावर ती चौपट होते आणि मींड जिना उतरल्यासारखी ऐकू येते. गमकप्रधान गायकीची नक्कल या चिपेकडून अपेक्षू नये.

तंबोरा मात्र जमतो. पण तेथे खर्जाची तार अडते. मंद्र षड्जासाठी भाजक १०८० हवा आणि चिपेची धाव १०२३ पर्यंतच. यावर उपाय दुसऱ्या चिपेचा. आज्ञेच्या आठही तारा दोघींना सामाईक ठेवता येतात. लेखनाची तार प्रत्येकीची वेगळी असली की झाले. दुसऱ्या चिपेला बोर्डाच्या ११ क्रमांकाच्या पिनेवरून २ मेगाहर्ट्झचे घड्याळ द्यावे, म्हणजे तिचे सर्व स्वर एका सप्तकाने खाली येतात आणि ५४० हाच भाजक तिच्यावर खर्ज होतो. पहिल्या चिपेचे तीन आवाज मग मंद्र पंचम (७२०) आणि जोडाच्या दोन तारा यांना पुरतात. प्रत्येक तार छेडल्यावर तिचा आवाज शतांश सेकंदाच्या पटीत पायरीपायरीने उतरवावा. जोडाच्या दोन्ही तारा ५४० वर ठेवल्या, तर त्या इतक्या एकजीव होतात की एकच तार वाजते आहे असे वाटते. त्यांतील एक ५४१ वर न्यावी. सव्वादोन सेकंदांहून किंचित अधिक काळाने एकदा, अशी एक संथ लाट त्या दोन स्वरांतून उठू लागते.